पाटाच्या पाण्यातला रोजा

मुसलमानाचा धर्म म्हटला की आमच्या भागातल्या माणसाच्या डोळ्यांपुढं ठरलेली चित्रं उभी राहतात. कडेगावच्या मोहरमचे उंचच उंच ताबूत, मिरजेचा मिरासाहेबांचा उरूस, तिथं चिंचेखाली बसून गाणारे नामांकित गवई, ईदेच्या दिवशी डब्यातनं घरोघरी जाणारा शिरखुर्मा. चित्रं खरीच आहेत. ताबुतांच्या भेटी बघायला मीही लहानपणी चालत कडेगाव गाठलेलं आहे. पण हे सगळं वर्षातनं एकदा येतं आणि जातं. ताशाचा आवाज विरला की मागं उरतो तो रोजचा दिवस, आणि धर्माची खरी गाठ त्याच्याशी पडते. पहाटे वैरण टाकायला उठलेल्या माणसाचा धर्म कसा असतो, हे ताबूत बघून कळत नाही.

आम्ही येरळाकाठचे. येरळा वर सातारा जिल्ह्यात खटावच्या डोंगरात उगवते आणि खाली ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. आमचं गाव मधल्या टप्प्यातलं. अब्बा सांगायचे, त्यांच्या तरुणपणी हा सगळा मुलूख साताराच होता. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि 1960 ला त्याचं सांगली झालं. नावं बदलली, नदीचं वाळवंट तसंच राहिलं. अशा मुलखात आमच्या घराला मुलाणकीचं बलुतं आणि थोडी जिराईत जमीन. घरात दखनी बोलायची, उंबरा ओलांडला की मराठी. अरबी अक्षरं मशिदीत शिकलो, अर्थ मात्र फार उशिरा, मराठी भाषांतर हातात आलं तेव्हा कळला. माझी शाळा दहावीपर्यंतची. तेव्हा हे मौलवीचं लिहिणं आहे असं कुणी समजू नये. शेतात जे दिसलं आणि घरात जे ऐकलं, त्याच्यावरनं लिहितो आहे.

मशिदीत तक्वा हा शब्द फार कानावर पडतो. मराठीत कुणी त्याला ईशभय म्हणतं, कुणी भक्ती. मला दोन्ही शब्द आखूड वाटतात. त्यापेक्षा मौलवी लोक एक जुनी गोष्ट सांगतात ती मला पटली. खलिफा हजरत उमर यांनी उबय बिन काब यांना विचारलं, तक्वा म्हणजे नेमकं काय? उबय यांनी उलटा सवाल केला, तुम्ही कधी काट्याकुट्याच्या वाटेनं गेलाय का? गेलोय. मग काय केलंत? कापडं आवरून धरली आणि जपून पाय टाकत गेलो. उबय म्हणाले, तोच तक्वा.

ही गोष्ट अरबस्तानातली; पण आमच्या माळावरची म्हणून सांगितली तरी खपेल. खालून सराटे, बाजूनं बाभळी, अंगाला कुसळं. अशा वाटेनं माणूस धोतर वर खोचतो आणि नजर खाली ठेवून चालतो. वाट सोडून पळत नाही, की काट्याला शिव्या देत बसत नाही. काटा काट्याच्या जागी असतो, आवरायचं असतं आपलं कापड. संयम म्हणजे काय हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा या गोष्टीनं नीट सांगितलं.

आवरायला शिकवणारी पहिली गोष्ट म्हणजे पाणी. नमाजेआधी वजू करावा लागतो. मनगटापर्यंत हात, चूळ, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, मग घोट्यापर्यंत पाय. फजर, जोहर, असर, मगरीब, इशा, असं दिवसातनं पाच वेळा. दिवसाचं हे माप आमच्या घरात घड्याळाच्या आधीपासनं होतं. जोहर झाली की बैलं सोडायची, असर झाली की परत जुंपायची, मगरीबला शेरडं घरात. पैगंबर साहेब एका मुदभर पाण्यात वजू करायचे असं हदीसमध्ये येतं. मुद म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ, लिटरभरसुद्धा नाही. वाहत्या नदीच्या काठावर बसला असलात तरी वजूत पाणी उधळू नका, अशीही शिकवण सांगतात. अब्बांच्या तांब्याची धार करंगळीएवढी असायची. आम्ही पोरं भसाभसा ओतायला लागलो की म्हणायचे, ''पानी बहुत हाय बोलके सांडता क्या रे?'' नदीला पूर असला तरी हेच. तेव्हा राग यायचा. समोर एवढी नदी वाहतीय आणि हा माणूस एका तांब्याचा हिशेब मागतोय!

मग 1972 चा दुष्काळ आला. येरळेच्या वाळूत झरे खणले, त्यांनाही वाटीवाटीनं पाणी सुटायचं. आई रात्री रांगेत बसून घागर भरायची. दावणीला एक बैलजोडी आणि म्हैस होती. त्या उन्हाळ्यात अब्बांनी वजूचं पाणी बंद केलं आणि तयम्मुम सुरू केलं. पाणी नसेल, किंवा आहे ते पिण्यालाच लागणार असेल, तर स्वच्छ मातीवर हात टेकवून ते चेहऱ्यावरून आणि हातांवरून फिरवायचे. त्यालाच तयम्मुम म्हणतात. जनावर तहानलेलं असेल तरी ही सवलत आहे. अब्बा आमच्याच रानातल्या ढेकळाचा भुगा करायचे, तळहात टेकवायचे, फुंकर मारायचे आणि तोंडावरून फिरवायचे. मी बारा वर्षांचा असेन. बैलाला घमेल्यात पाणी, आणि त्याचा मालक शेजारी बसून मातीनं तोंड धुतोय. नियम म्हणजे ताठ काठी, असं त्या वयात वाटायचं. पण नियम कुठं वाकतो आणि कुणासाठी वाकतो, हे त्या उन्हाळ्यात बघायला मिळालं. बैलासाठी वाकला होता.

आता रोज्याविषयी. शहरातली ओळखीची माणसं रोजा म्हटलं की विचारतात, पाणीसुद्धा नाही? पाणीसुद्धा नाही. पहाटेपासून सूर्य बुडेपर्यंत काहीच नाही. आपली तिथी चंद्रावर चालते तशी मुसलमानी महिन्यांचीही चालते, पण आपल्यात अधिक महिना घालून ऋतू जुळवून घेतात, तसं तिकडं करत नाहीत. म्हणून रमजान दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो आणि तेहतीसएक वर्षांत सगळ्या ऋतूंतनं फिरून परत जागेवर येतो. माझ्या आयुष्यात तो दोनदा भर मे महिन्यातनं गेला. एकदा 1986 च्या आसपास, मी विशी ओलांडून नुकता बाप्या झालो होतो तेव्हा. दुसऱ्यांदा 2018-19 ला, गुडघे कुरकुरायला लागल्यावर. 2000 साली तो डिसेंबरात होता, दिवस बारा-सव्वाबारा तासांचा आणि थंडीचा. तो रोजा पोरंसुद्धा हसत धरतात. मेमधला चौदा तासांच्या वर जातो, आणि शेतकऱ्याला घरात पंख्याखाली बसून तो काढता येत नाही.

रोजा काय शिकवतो हे मला मशिदीत कळलं नाही, दारं धरताना कळलं. 86 चा मे. अब्बांनी विहिरीवर इंजिन बसवलं होतं आणि घासाचे चार वाफे भिजवायचे होते. मी पाटात उभा. घोट्यापर्यंत थंडगार पाणी, हातात खोरं, डोक्यावर ऊन. घसा असा की थुंकी गिळवत नव्हती. आजूबाजूला अर्ध्या कोसात माणूस नाही. वाकायचं, ओंजळ भरायची, प्यायची. कुणाला कळलं असतं? संध्याकाळी मशिदीत तेवढ्याच मानानं बसलो असतो, खजूर तोंडात टाकला असता, लोकांनी पाठ थोपटली असती. नमाज लोकांना दिसते. हजला गेलेल्या माणसाला गाव हार घालून आणतं. रोजा एकट्याचा असतो. तो मोडल्याचा पुरावा राहत नाही, आणि पाळल्याचाही राहत नाही. मी पाणी प्यालो नाही ह्यात मोठेपणा काही नाही, लाखो लोक पीत नाहीत. पण त्या पाटात एक गोष्ट मला दिसली, ती पुढं आयुष्यभर माझ्यामागं लागली. ते पाणी माझं होतं. आमच्या विहिरीचं, आमच्या इंजिनाचं, आमच्या डिझेलचं. हक्काचं, हलाल. आणि मी त्याला हात लावत नव्हतो.

हक्काचं पाणी जर दिवसभर सोडता येतं, तर दुसऱ्याच्या हक्काचं सोडायला काय अवघड आहे?

अवघड आहेच. आमच्या शेजारी एक अण्णा होते, माळकरी. पंढरीची वारी चुकवली नाही आणि बोलायला तिखट. एकदा बांधावर बसून तंबाखू मळता मळता म्हणाले, ''तुमच्यातलं पाच येळा डोकं टेकत्यात, आमच्यातलं पायी वारी करत्यात, आन् बांद दोघंबी कोरत्यात. मग ह्या देवाधर्माचा उपेग काय, सांग की.'' मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. त्यांना ते नकोही होतं. ते गावाकडं बोट दाखवून बोलत होते. गावात तसा माणूस होताही. तीस रोजे धरणार, रात्रीची तरावी चुकवणार नाही, आणि तरावीहून परत येताना वाटेत दुसऱ्याचं दारं मोडून पाणी आपल्या उसात घेणार. सकाळी विचारलं तर म्हणणार, उंदरानं फोडलं असेल.

या माणसावर मी पुष्कळ विचार केला. हदीसमध्ये स्पष्ट आहे की खोटं बोलणं आणि खोटं वागणं जो सोडत नाही, त्यानं अन्नपाणी सोडल्याची अल्लाहला गरज नाही. बांधाविषयी तर त्याहून कडक आहे. दुसऱ्याची वीतभर जमीन जो अन्यायानं घेईल, त्याच्या गळ्यात सात जमिनींचा जू पडेल. वीतभर! हे वाचलं तेव्हा मला वाटलं, सांगणाऱ्यानं आमचंच शिवार बघितलेलं दिसतंय. जमीन कधी कुणी एकरानं चोरत नाही. औताच्या एका तासानं चोरतात. दरसाल चार बोटं. दहा वर्षांनी बांधावरची बोर उसाच्या सरीत आलेली असते. हल्ली ट्रॅक्टरमुळं एका फेऱ्यातच होतं ते काम. मालक म्हणतो ड्रायव्हरला कळलं नाही, ड्रायव्हर म्हणतो मालकानं दाखवलं तिथं नांगरलं. मग मोजणी, मग तहसील, मग कोर्ट, आणि चार बोटांपायी दोन घरांतली बोलचाल बंद. अब्बा बांधाला लागून औत कधी नेत नसत. हात-दीड हात जागा पड सोडायचे. त्यात गवत वाढायचं ते दोन्ही घरच्या बायका कापून न्यायच्या. त्याला त्यांनी कधी धर्माचं नाव दिलं नाही.

मग त्या दारं मोडणाऱ्याचे रोजे फुकट गेले का? त्याचा निवाडा करणारा मी कोण. पण अण्णांच्या सवालाला आता इतकं म्हणेन. बांध पाऊस पाडत नाही. पडलेला पाऊस अडवतो. नमाज-रोजा माणसात चांगुलपणा कुठनं तरी आणून ओतत नाहीत. आत जो काही थोडाफार ओलावा असेल तो वाहून जाऊ नये म्हणून घातलेली ती ताल आहे. कुणी ताल घालतो आणि वर कुळवच फिरवत नाही. त्याला पीक येत नाही, त्यात तालीचा दोष काढून काय उपयोग? ताल नसलेल्या रानात मात्र वळवाच्या पहिल्या तडाख्यातच माती ओढ्याला लागते. हेही मी बघितलंय, दारूपायी गेलेल्या माझ्या वयाच्या पोरांमध्ये. त्यातले काही मनानं माझ्यापेक्षा किती तरी चांगले होते. त्यांना थांबायची सवय तेवढी कुणी लावली नव्हती.

आमच्याकडं टेंभूचं पाणी आलं त्यानंतरची एक रात्र सांगतो. टेंभू हे कराडजवळचं कृष्णाकाठचं गाव. 1996 साली योजनेचं काम सुरू झालं, आणि टप्प्याटप्प्यानं उचललेलं पाणी आमच्या बाजूला खेळायला मधे बरीच वर्षं गेली. पाणी आलं तसा शाळू गेला आणि ऊस आला. उसाबरोबर पाळी आली आणि पाळीबरोबर भांडणं. त्या रात्री दोनपर्यंत आमची पाळी होती, त्यापुढं शेजाऱ्याची. शेजारी आजारी. त्याचा पोरगा दारं धरायला यायचा तो आला नव्हता, झोप लागली असणार. आमच्या दहा सऱ्या कोरड्या होत्या आणि पुढचं पाणी पंधरवड्याशिवाय येणार नव्हतं. माझा मुलगा म्हणाला, ''अब्बा, तो काय आता उठत नाही. पाणी तसंबी वायाच जाणार. चालू द्या.'' म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. अर्ध्या तासात दहा सऱ्या झाल्या असत्या. मी दोनला दारं बदललं, पाणी शेजाऱ्याच्या उसात सोडलं, आणि मुलाला त्या पोराला उठवायला पाठवलं. मुलगा तीन दिवस घुश्शात होता. त्या सऱ्यांतला ऊस पिवळा पडला तो पडलाच.

हे सांगायचं कारण वेगळंच आहे. त्या रात्री दारं बदलताना माझ्या मनात अल्लाहचं भय किती होतं आणि सकाळी गाव काय म्हणेल ही भीती किती होती, हे मला आजही सांगता येत नाही. प्रत्येक कर्म नियतीवर तोललं जातं असं आमच्यात शिकवतात. इथं नियत म्हणजे नशीब नव्हे, मनातला इरादा. तोच जर धड सापडत नसेल तर काय करायचं? अब्बा हयात असताना एकदा विचारलं होतं, मन लागत नसताना नमाज पढून फायदा काय. ते म्हणाले, बैलाला आधी जू अंगवळणी पडतं, नांगरटीची गोडी मागनं लागते. लागली तर. त्यांच्या त्या 'लागली तर'वर माझा विश्वास जास्त आहे. हात आधी थांबायला शिकतात, मन सवडीनं मागनं येतं. कधी येतही नाही, तरी शेजाऱ्याच्या उसाला पाणी मिळालेलं असतं.

पिकाच्या दानाचा नियम तर शेतकऱ्याला तोंडात बोट घालायला लावील असा आहे. त्याला उश्र म्हणतात. पावसावर आलेलं पीक असेल तर दहावा भाग काढायचा. माणसानं मेहनतीनं पाणी पाजलेलं असेल तर विसावा. निम्मं-निम्मं असेल तर दोन्हींच्या मधला. म्हणजे मोट मारणाऱ्याच्या घामाची वजावट देवानं आधीच धरलेली! सरकारला जे सुचायला शतकं गेली ते चौदाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. आमच्या खळ्यावर रास झाली की अब्बा पायलीनं माप घालताना दर दहावी पायली वेगळ्या पोत्यावर ओतायचे. त्यातलं विधवेच्या घरी, तालमीजवळच्या आंधळ्या बाबाकडं, फकिराकडं जायचं. गंमत अशी की आम्ही स्वतः बलुतेदार. अब्बा सकाळी दुसऱ्यांच्या खळ्यांवर जाऊन मुलाणकीचं बलुतं पाटीत घेऊन यायचे आणि दुपारी आपल्या खळ्यावर दहावी पायली काढायचे. घेणारा आणि देणारा हात एकच. त्यामुळं देताना त्यांची मान कधी वर गेली नाही.

उसाला खळं नसतं. फड तुटतो, गाडी काट्यावर जाते, बिल बँकेत जमा होतं, सोसायटीचा हप्ता परस्पर वजा होतो. रास डोळ्यांनी दिसतच नाही. आता विसावा भाग काढायचा तो कशातनं? एकंदर बिलातनं की खर्च वजा जाता उरलेल्यातनं? दोन जाणकारांना विचारलं, दोघांनी दोन सांगितलं. मी बिलाची पावती पुढं ठेवून एकंदर रकमेवर काढतो, कारण वजावट करायला बसलो तर उरेल ते मला चांगलं माहीत आहे. आणि काट्याचं म्हणाल तर कुरआनात मापात मारणाऱ्यांसाठी अख्खी एक सूरत आहे. घेताना भरून घेतात आणि देताना कमी देतात त्यांचं काय होणार ते त्यात सांगितलंय. आमच्या भागात उसाचा काटा हा जुना विषय आहे. पण मी बघतो, काट्यावर शिव्या देणारा आमचा शेतकरी गडी घरी येऊन दुधात पाणी घालतो, तेव्हा त्याला ती सूरत आठवत नाही.

एक खटकणारी गोष्ट लिहून टाकतो. आपल्याकडं म्हण आहे, एकादशी आणि दुप्पट खाशी. आमच्या रमजानचंही तसं होत चाललंय. पूर्वी इफ्तारीला खजूर, ताटलीत भिजवलेली हरभऱ्याची डाळ, भाकरी आणि कालवण. आता महिन्याचा किराणा दुप्पट येतो, तळण वाढतं, फोटो काढून मोबाईलवर पाठवतात. पोट रिकामं ठेवायच्या महिन्यात वजन वाढवून घेणारी माणसं मला माहीत आहेत. याउलट आमचे एक चाचा. साखरेचा आजार झाला, डॉक्टरांनी रोजा बंद केला. आजाऱ्याला, प्रवाशाला, पोटुशीला सवलत आहेच. चाचांनी महिनाभर रोज एका ऊसतोड मजुराला दोन वेळ जेवू घातलं आणि स्वतः दाराआड बसून गोळी घेण्यापुरतं खाल्लं. रोजदारांसमोर खाऊ नये म्हणून दाराआड. त्यांचा महिना मला जास्त भरला असं वाटतं.

आवरणं हे एका धर्माचं वतन नाही, हे आमच्या जिल्ह्यानंच दाखवलंय. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाईल बंद होतात. पोरं अभ्यासाला, मोठी माणसं बोलायला बसतात. 2022 पासून चाललंय. मला तो भोंगा मगरीबच्या अजानचा चुलतभाऊ वाटतो. दोघंही एवढंच सांगतात, हातातलं ठेव. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत मशिदीत गणपती बसतो, ही गोष्ट पेपरात दरसाल येते. त्यातली मला भावलेली बाब वेगळी आहे. गणपती आणि बकरी ईद एकाच वेळी आली तेव्हा तिथल्या मुसलमानांनी नमाजेवर ईद केली आणि कुर्बानी केली नाही. कुणी सक्ती केली नव्हती. हलाल होतं, हक्काचं होतं, आणि शेजाऱ्यासाठी सोडलं. पाटातल्या पाण्याचाच हा धडा, अख्ख्या गावानं गिरवलेला.

शेवटी आईविषयी, कारण तिला यातलं काहीच सांगता आलं नसतं. ती अंगठेबहाद्दर. नमाजेपुरत्या सूरती पाठ, अर्थ ठाऊक नाही. भांगलण करून आली की बांधावरच पदर सावरून असर पढायची, मातीचे हात वहिनी-नणंदांच्या थट्टेत धुवायची. तिचा एक नेम होता. दारात मागायला आलेल्या शेजारणीला 'नाही' म्हणायचं नाही. विस्तव, विरजण, मीठ, चाळण, सूप, पाटा, कुऱ्हाड. चूल पेटवायला काडेपेटी परवडत नव्हती त्या काळात आमच्या चुलीतला विस्तव शेणीवर घालून चार घरी जायचा. अब्बा कधी वैतागायचे, कारण कुऱ्हाडीचा दांडा मोडून यायचा. ती म्हणायची, ''दांडा मोड्या तो दूसरा डालेंगे, शेजारीन कहाँसे लायेंगे?''

पुढं पन्नाशीत मी भाषांतर वाचत होतो. त्यात माऊन नावाची एक छोटी सूरत आहे, सात ओळींची. मशिदीत शेकडो वेळा ऐकलेली, आईलाही पाठ असलेली. नमाज पढून दिखावा करणारे आणि शेजाऱ्याला रोजच्या वापरातली साधी वस्तूही न देणारे, अशांना त्यात धिक्कारलंय. खाली टीप होती की माऊन म्हणजे बादली, भांडं, कुऱ्हाड, मीठ, विस्तव असल्या वस्तू. मी पुस्तक मिटून बराच वेळ ओट्यावर बसलो. आई नमाजेत रोज जे म्हणत होती त्याचा अर्थ तिला कुणी सांगितला नव्हता, आणि ती तो उभा जन्म पाळत होती.

ती गेली तेव्हा चाळिसाव्याच्या आधी गल्लीतल्या तीन बायका येऊन भांडी देऊन गेल्या. एक चाळण, एक परात, एक लोखंडी कढई. घरात ही भांडी कमी आहेत हे आम्हाला माहीतही नव्हतं. चाळण आणि परातीवर अब्बांचं नाव कोरलेलं होतं. कढई मात्र आमची नाही, असं बायको म्हणते. देऊन जाणारी म्हणाली, तुमच्याच आईनं दिली होती. म्हणजे आईनंच ती आधी कुणाकडनं तरी आणलेली असणार. गल्लीत सगळीकडं विचारून झालं, कुणी ओळख देत नाही. बायको ती वापरत नाही. दर ईदेला घासून परत फळीवर ठेवते.